कार्बनचे सोवळे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जुईनगरच्या आमच्या कार्यालयात एक लघुउद्योजक सतरा पानांचे पत्र घेऊन आले. स्टेशनच्या पूर्वेला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे एमआयडीसीत त्यांचा भाड्याचा गाळा आहे. चार लेथ, दोन ड्रिल मशीन, एक कॉम्प्रेसर आणि चौदा कामगार. आयटीआय करून वीस वर्षे दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलेला आणि मग स्वतःचा गाळा थाटलेला हा आमच्या समाजातला माणूस. "जय भीम साहेब. कंपनीने नोटीस दिलीय. काय गुन्हा झाला तेच कळत नाही," एवढे बोलून ते खुर्चीत बसले.

आम्ही पत्र वाचले. ती नोटीस नव्हती. ज्या मोठ्या कंपनीला ते अकरा वर्षे बोल्ट आणि ब्रॅकेट पुरवतात, तिच्या खरेदी विभागाने पाठविलेली ती प्रश्नावली होती. तुमचे स्कोप वन किती, स्कोप टू किती, स्कोप थ्री किती, आधारवर्ष कोणते, पाच वर्षांत किती टक्के घट करणार? भाषा इंग्रजी, मुदत पंधरा दिवस. शेवटच्या पानावर हमीपत्र होते. माहिती चुकीची निघाल्यास ऑर्डर रद्द करण्याचा अधिकार कंपनीला आणि नुकसानीची जबाबदारी पुरवठादाराची! शिवाय फॉर्म भरल्याशिवाय मागचे बिल निघणार नाही, असे फोनवर तोंडी सांगितले गेले. लेखी काही नाही. असल्या गोष्टी लेखी कोण देतो?

चळवळीच्या दैनिकात कार्बनवर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. अत्याचाराचे खटले, शिष्यवृत्ती, बॅकलॉग हे प्रश्न संपले काय? संपलेले नाहीत. पण तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, चिंचपाडा येथे राहून याच पट्ट्यातल्या कारखान्यांत राबणारी माणसे कोणाची आहेत? मोठ्या मुश्किलीने गाळा घेऊन मालक झालेली आमची पहिली पिढी उद्या एका इंग्रजी फॉर्मपायी बाजारातून बाहेर फेकली गेली, तर त्याला अत्याचार म्हणणार नाहीत, 'कम्प्लायन्स' म्हणतील. एवढाच फरक.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कारखाने बंद करा, ही आमची भाषा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे वीज आणि पाटबंधारे हे विषयही होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. आमचा प्रश्न धुराच्या हिशेबाचा आहे. तो कोण लिहितो आणि कोणाच्या नावावर लिहितो?

हिशेबाची ही रीत २००१ साली 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' या नावाने आली आणि आज बहुतेक कंपन्या तीच वापरतात. तिच्यात तीन खाती आहेत. कंपनीच्या आवारात किंवा तिच्या गाड्यांत जे इंधन जळते, ते पहिले खाते. विकत घेतलेल्या विजेसाठी दूर कुठे तरी जो कोळसा जळतो, ते दुसरे. दिवा जुईनगरात लागतो आणि राख कोराडी-खापरखेड्याच्या शिवारात पडते, तिची ही नोंद. तिसरे खाते उरलेल्या सगळ्याचे. कच्चा माल, भाड्याचे ट्रक, बाहेर दिलेले जॉबवर्क, कामगारांचा येण्याजाण्याचा प्रवास, विकलेला माल वापरताना होणारा धूर.

आता यातली गोम पाहा. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने वरच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना उत्सर्जनाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिली दोन खाती आवश्यक, तिसरे मात्र ऐच्छिक! म्हणजे समजा, एखाद्या कंपनीने आपले रंगकाम बंद करून बाहेरच्या गाळ्यात दिले, भट्टीचे काम दुसऱ्याला दिले, स्वतःचे ट्रक विकून ठेकेदाराचे लावले. हवेत जाणारा धूर तेवढाच राहिला. कंपनीचे पहिले खाते मात्र धुतल्या तांदळासारखे झाले. अहवालाच्या मुखपृष्ठावर हिरवे पान छापायला ती मोकळी.

ही रीत आम्हाला नवी नाही. घाण करणारा सोवळ्यात आणि ती उचलणारा ओवळा, असा हिशेब या देशाने शेकडो वर्षे चालविला. ढोर मेले पाटलाचे, ओढले आमच्या आजोबांनी, आणि विटाळ लागला तो आजोबांना. आज धूर ज्या मालासाठी होतो तो माल कंपनीचा, नफा कंपनीचा, आणि कार्बन मात्र गाळेवाल्याचा. म्हणून कार्बनच्या हिशेबात चळवळीची पहिली मागणी असायला हवी ती तिसऱ्या खात्याची. ते सक्तीचे करा आणि त्याचा खर्च वरच्याने उचलावा असा नियम करा.

असो. त्या संध्याकाळी मागणीपेक्षा फॉर्म महत्त्वाचा होता. आम्ही वही काढली. दादांना म्हटले, लाइट बिले आणि डिझेलच्या पावत्या आणा. ते दुसऱ्या दिवशी पिशवी भरून घेऊन आले. कार्बन मोजायला यंत्र लागत नाही, चिमणीवर चढावे लागत नाही. जो माणूस जीएसटीचा हिशेब ठेवतो, तो हाही ठेवू शकतो.

महिन्याची वीज ६,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडचा गुणक प्रसिद्ध करते. तो युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. म्हणजे ४,२०० किलो. जनरेटर आणि टेम्पो मिळून २०० लिटर डिझेल, लिटरमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे ५४० किलो. कटिंगसाठी १९ किलोचे चार गॅस सिलिंडर, किलोमागे सुमारे ३ किलो, म्हणजे २२८ किलो. सगळे मिळून महिन्याला जवळपास ५ टन, वर्षाला ६० टन. पहिली दोन खाती अर्ध्या तासात संपली. "एवढ्यासाठी सल्लागार साठ हजार मागत होता," दादा म्हणाले. (सल्लागारांबद्दल आमचे मत येथे छापण्यासारखे नाही.)

मग लोखंडाकडे वळलो. महिन्याला ८ टन लोखंड लागते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे महिन्याला २० टन, त्यांच्या स्वतःच्या धुराच्या चौपट! या आकड्याने दादाही गप्प झाले. वीस दिवे बंद करून जे वाचणार नाही, ते लेथवर वाया जाणारे लोखंड कमी केले तर वाचते. रिजेक्ट झालेला प्रत्येक बोल्ट म्हणजे फुकट जाळलेला कोळसा. जालन्याच्या भट्ट्यांप्रमाणे भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा कार्बन खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा बराच कमी असतो. तेव्हा लोखंड कुठून येते हे पुरवठादाराला विचारून बिलावर लिहून घेणे, हेही मोजण्याचेच काम आहे.

नटबोल्टवाल्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय महासंघाची सीमेवरची कार्बन आकारणी प्रत्यक्ष लागू झाली असून लोखंड-पोलादाबरोबर नटबोल्टही तिच्या यादीत आहेत. खरा आकडा दिला नाही तर ठरवून दिलेला आकडा धरला जातो आणि तो सहसा चढाच असतो. जुईनगरचा बोल्ट थेट युरोपला जात नसेल, पण तो ज्या यंत्रात बसतो किंवा ज्या निर्यातदाराकडे जातो, तो आकडा मागणारच.

घट कुठून सुरू करावी? मोजताना आम्हाला सगळ्यात मोठा धडा दिला तो गाळ्यातल्या एका टर्नरने. आम्ही वकील, कॉम्प्रेसरमधले आम्हाला काय कळणार? तो म्हणाला, सुटीच्या वेळी सगळी हत्यारे बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू करा. हवा कोणी वापरत नाही, तर एकदा दाब भरल्यावर तो पुन्हा लोड घ्यायला नको. आम्ही घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत तो तीन मिनिटे लोड घेत होता. म्हणजे तीस टक्के हवा पाइपातून गळत होती. साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवून त्याच माणसाने सात जागा दाखविल्या. महिन्याला पाच-सहाशे युनिट, म्हणजे जवळपास ४०० किलो कार्बन, रबराच्या वायसरपायी. आठ वर्षे त्याला ही गळती ऐकू येत होती, पण विचारले कोणी? कंपन्यांच्या कार्बन समित्यांवर मॅनेजर असतात, सल्लागार असतात, हेल्पर आणि टर्नर नसतात.

त्यानंतर पुन्हापुन्हा वाइंडिंग केलेल्या जुन्या मोटारी बदलणे. मग छतावर सौरऊर्जा. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, तेव्हा २० किलोवॉटमध्ये महिन्याचे २,४०० युनिट निघतील. पण गाळा भाड्याचा, छत मालकाचे, जमीन एमआयडीसीच्या लीजची. मालकाची संमती नाही तर काम अडले. आमच्या उद्योजकांपैकी किती जणांकडे स्वतःचे छत आहे?

मोठ्या कंपन्या काहीच करीत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ साली स्वतःच्या हिशेबात दर टन कार्बनला १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली आणि त्या आधाराने ऊर्जाबचतीच्या कामांत पैसा घातला. त्यांचा इगतपुरीचा कारखाना पुढे कार्बन-समतोल म्हणून प्रमाणित झाला. आधी बचत, मग अक्षय ऊर्जा, आणि जे उरले त्यासाठी झाडे. हा क्रम बरोबर आहे. झाडांपासून सुरुवात करणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. हीच किंमत पुरवठादारापर्यंत का येऊ नये? आमच्या दादांच्या ६० टनांना १० डॉलर दराने वर्षाला ६०० डॉलर, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक रुपये होतात. गळती बंद करून एक-दोन मोटारी बदलायला ते पुरतात.

आणखी एक हातचलाखी वाचकांनी ओळखावी. 'आम्ही तीव्रता वीस टक्क्यांनी घटविली' असे अहवालात असते. तीव्रता म्हणजे रुपयामागे किंवा टनामागे कार्बन. उत्पादन दुप्पट झाले तर तीव्रता घटूनही एकूण धूर वाढतो. तेव्हा अहवाल हाती आला की आधी एकूण टनांचा तक्ता पाहावा.

आता कायद्याचे. सेबीच्या मार्च २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे पुरवठा साखळीची माहिती देणे वरच्या २५० कंपन्यांनाही ऐच्छिक आहे, आणि तीही कंपनीच्या खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या भागीदारांपुरती. चौदा कामगारांचा गाळा त्यात कुठे बसतो? म्हणजे फॉर्म ही कंपनीची अट आहे, कायद्याची सक्ती नाही. दुसरे, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या कलम १५ नुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी आक्षेप नसेल तर तो स्वीकारलाच असे धरले जाते. उशीर झाला तर कलम १६ नुसार बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. प्रश्नावली भरली नाही, ही बिल अडविण्याची सबब होऊ शकत नाही.

आम्ही दादांच्या वतीने दोन पानांचे उत्तर पाठविले, मराठीत, सोबत इंग्रजी भाषांतर. पहिल्या पानावर आकडे आणि ते कसे काढले याची रीत. दुसऱ्या पानावर तीन मुद्दे. आकडे उपलब्ध बिलांवरून प्रामाणिकपणे काढलेले असल्याने नुकसानीचे हमीपत्र देणार नाही. घट हवी असेल तर तिचा खर्च दरात धरावा. मागील बिल कलम १५ प्रमाणे अदा करावे. बिल एकेचाळिसाव्या दिवशी निघाले. दराबद्दल अद्याप उत्तर नाही, स्मरणपत्र गेले आहे.

जुईनगर, तुर्भे, पावणे, रबाळे या पट्ट्यातील ज्या गाळेधारकांना अशी पत्रे आली असतील, त्यांनी घाईने सही करू नये. दर रविवारी सकाळी दहा वाजता, बुद्धवंदनेनंतर, आम्ही जुईनगरच्या विहारात बसतो. येताना बारा महिन्यांची लाइट बिले, डिझेल-गॅसच्या पावत्या, लोखंड खरेदीची बिले आणि उद्यम नोंदणीचा कागद आणावा. शक्य असल्यास गाळ्यातला एक जुना कामगारही सोबत आणावा.