गाणाऱ्या मुलींचे वसतिगृह

गणपतीचे दिवस आले म्हणजे आमच्या विजयदुर्गात घरोघरी भजने होतात. पखवाज घुमतो, झांजा वाजतात, बुवा पेटीवर सूर धरतात. पुरुषमंडळी पुढे बसतात. बायका माजघराच्या दारात उभ्या राहून ऐकतात.

पंचवीस वर्षे झाली असतील. अशाच एका रात्री दारातल्या एका मुलीने बुवांचा अभंग उचलला. आवाज उंच, पण चिरका नव्हे. सूर जिथे हवा तिथे लागत होता. बुवा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण गो बाय."

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आमच्याकडे आला. रापण ओढणारा गडी. म्हणाला, "मास्तरानू, चेडवाचो गळो बरो आसा म्हणतत. लांब शिकाक धाडू काय?"

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "गाणे काय पोटाला घालते? आणि तरण्या पोरीला परगावी ठेवणार कुठे? दहावी होऊ दे आणि उजवून टाक." बापाने आमचे ऐकले.

आमची ती चूक होती. गाणे शिकणाऱ्या मुली कुठे राहतात, कशा राहतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हते. ठाऊक नसताना सल्ला दिला. तशी चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा धडा.

गाणे शिकायला घर का सोडावे?

वाचकहो, तुम्ही विचाराल, गाणे घरी बसून शिकता येत नाही काय? थोडे येते. पण गळा हा हातासारखाच आहे. वल्ही मारून मारून हात तयार होतो, तसा रोज ठरल्या वेळी गाऊन गळा तयार होतो. मुलीला घरात असा वेळ मिळतो काय? पहाटे उठली की पाणी, मग चूल, मग धाकटी भावंडे. सूर लावायला बसली की हाक येते. शिवाय शिकवणारा गुरू गावात हवा. तो शंभर गावांत एखाद्या गावी असतो.

म्हणून पूर्वी शिष्य गुरूच्या घरी जाऊन राहत. गुरूचे पाणी भरायचे, पाय चेपायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. यात वर्षे जात. मुलींना तर ही वाट जवळजवळ बंदच होती. गाणारी बाई म्हटली की लोक नावे ठेवीत.

ही रीत बदलायला मोठा हात लावला विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. त्यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. ही शाळा कोणा राजाच्या पैशावर चालत नव्हती. लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या जलशांवर ती चालली. वेळापत्रक होते, पुस्तके होती, परीक्षा होत्या. पुढे गाणे शिकवण्याचे काम करणारे विद्यार्थी तिथेच राहून शिकत. 1908 साली मुंबईस त्याची शाखा निघाली. पुढे कर्ज झाले आणि विद्यालयाची इमारत गेली. पण शिष्य गावोगाव पांगले होते, त्यांनी शाळा काढल्या. 1931 साली बुवा वारले. त्याच साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. या मंडळाच्या परीक्षा आजही होतात.

मुलींचे वसतिगृह कुठून आले?

मुलींना घराबाहेर सुरक्षित ठेवून शिकवायचे, हे काम दुसऱ्या एका माणसाने केले. तो आपल्या कोकणातलाच. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. त्यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला झोपडीत नेला. विधवा बायका आणि मुली तिथे राहून शिकू लागल्या.

पण वसतिगृह नुसत्या इमारतीने चालत नाही. तिथे राबणारी बाई लागते. अशी एक बाई हिंगण्याला होती, पार्वतीबाई आठवले. त्या देवरुखच्या. विधवा झाल्यावर मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमातल्या मुलींची देखरेख करू लागल्या. इंग्रजी जेमतेम येत असताना 1918 साली आश्रमासाठी पैसे मिळवायला अमेरिकेपर्यंत गेल्या.

कर्व्यांनी 1916 साली बायकांचे विद्यापीठ काढले. आज त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ म्हणतात. तिथे मुलींची वसतिगृहे आहेत आणि संगीताचा विभागही आहे. मोठ्या गायिका प्रभा अत्रे मुंबईला या विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे पलुस्करांची वाट आणि कर्व्यांची वाट इथे एक झाली.

वसतिगृहातला दिवस

दोन वर्षांमागे आम्ही असे एक वसतिगृह डोळ्यांनी पाहिले. विजयदुर्गहून एस. टी. ने तळेऱ्याला गेलो आणि घाट चढून वर गेलो. बरोबर एक आई होती आणि तिची चौदा वर्षांची मुलगी. ही आई कोण, ते पुढे सांगू.

तिथला दिवस असा असतो.

पहाटे पाचला घंटा होते. तोंड धुऊन, कोमट पाणी पिऊन मुली खर्ज लावायला बसतात. खर्ज म्हणजे सगळ्यांत खालचा सा. एका दमात तो जितका वेळ धरवेल तितका धरायचा. पहाटे गळा रात्रभर विसावलेला असतो आणि खालचे सूर सहज लागतात, म्हणून ही वेळ. हे काम कंटाळ्याचे आहे. नवी मुलगी आठ दिवसांत म्हणते, "गाणे कधी शिकवणार?" जुन्या मुली हसतात.

सात वाजता आंघोळी, मग नाश्ता. पोहे, उपमा, कधी भाकरी. त्यानंतर गुरूंपुढे तालीम. गुरू एक ओळ गातात, मुली ती परत गातात. चुकली तर पुन्हा. एक ओळ तासभरही चालते. हाताने ताल धरावा लागतो. तीनतालाच्या मात्रा सोळा, झपतालाच्या दहा. आपण रापण ओढतो तेव्हा सगळे एकदम जोर लावतात की नाही? एकाचा हात मागे पडला तर जाळे वाकडे येते. तसेच ताल चुकला की गाणे वाकडे होते.

अकरा ते पाच शाळा किंवा कॉलेज. हे फार महत्त्वाचे. गाणे शिकते म्हणून गणित आणि मराठी सुटत नाही. संध्याकाळी थोडे खेळणे, मग दिवेलागणीची प्रार्थना आणि पुन्हा रियाज. रियाज म्हणजे शिकलेले घोटणे. रात्री जेवण झाल्यावर वहीत दिवसाची बंदिश लिहून काढायची. सूर लिहिण्याच्या खुणा असतात, त्यांना स्वरलिपी म्हणतात. दहाला दिवे बंद.

तंबोऱ्याची सेवा

खोलीच्या कोपऱ्यात तंबोरे गवसणी घालून ठेवलेले असतात. तंबोऱ्याचा तळ हा मोठा सुकवलेला भोपळा असतो. असे भोपळे पंढरपूरकडे पिकतात आणि मिरजेचे कारागीर त्यांचे तंबोरे करतात. बायकांचा आवाज उंच पट्टीचा, म्हणून त्यांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्याहून लहान असतो.

त्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमात लावतात, मधल्या दोन षड्जात, चौथी खालच्या षड्जात. तारेखाली घोडीवर एक बारीक दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की तार गुंजू लागते. याला जवारी म्हणतात. केसभर दोरा हलला तरी गुंजन जाते. तंबोरा लावता येणे हीच निम्मी विद्या, असे तिथल्या बाई म्हणाल्या.

आता विजेवर चालणारा तंबोरा निघाला आहे. मोबाइलवरही तंबोरा वाजतो. घाईच्या वेळी मुली तो लावतात. पण आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकीने खरा तंबोरा लावलाच पाहिजे, असा तिथे नियम आहे. पावसाळ्यात तंबोऱ्याला दमट हवा बाधते. तेव्हा तो पुसायची पाळी लावलेली असते.

पाळ्या आणि नियम

पाळी एकट्या तंबोऱ्याची नसते. झाडायची पाळी, वाढायची पाळी, पाण्याची पाळी. सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीत जेवतात. जेवण साधे. आमटी, भात, भाजी, चपाती. कोकणातल्या मुलीला पहिला महिना मासळीची आठवण येते. एका मुलीने आम्हाला विचारले, "खाडीत बांगडो गावता काय हो?" तिचे डोळे भरले होते. पहिले काही दिवस बहुतेक मुली रडतात. मग मैत्रिणी होतात आणि रडणे थांबते.

भांडणेही होतात. एकीचा रियाज म्हणजे दुसरीची झोपमोड. म्हणून गायच्या खोल्या आणि वेळा वाटून दिलेल्या असतात. सर्दी झाली, घसा बसला तर गायचे नाही, बोलायचेही कमी. दुखणे लपवायचे नाही, बाईंना सांगायचे.

फाटकावर वही असते. कोण बाहेर गेली, कुठे गेली, कधी परतली, ते त्यात लिहितात. भेटायला कोणी यावे, याची यादी आईबापांनी प्रवेशाच्या वेळीच द्यायची. रोज संध्याकाळी अर्धा तास फोन. आम्हाला वाटले होते, हे नियम म्हणजे तुरुंग. पण ज्या वेळा घरात मिळत नाहीत, त्या इथे नियमांमुळे मिळतात, हे पाहिल्यावर पटले.

पुढे काय?

खरे सांगायला हवे. शिकणारी प्रत्येक मुलगी मोठी गायिका होत नाही. हिराबाई बडोदेकर एखादीच. बाई तिकीट लावून जाहीर बैठकीत गाते, ही गोष्ट लोकांना मान्य करायला लावणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या. पण शाळेत संगीतशिक्षिका होता येते, स्वतःचा वर्ग काढता येतो, रेडिओवर गाता येते. मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार. विशारदपर्यंत सात परीक्षा. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल सवलतीचे गुण मिळतात. त्याचा नियम शाळेत विचारून घ्यावा. मात्र पैसा लवकर येईल, अशी आशा धरू नये.

मुलीला पाठवण्याआधी बापाने आणि आईने, दोघांनी, स्वतः जाऊन या गोष्टी पाहाव्या:

1. रात्री वसतिगृहात राहणारी जबाबदार बाई आहे काय?
2. स्वयंपाकघर, पाणी आणि संडास स्वच्छ आहेत काय?
3. फाटकावर वही आहे काय, आणि ती रोज भरतात काय?
4. तालमीच्या खोलीचे दार उघडे असते काय? शिकवताना इतर मुली असतात काय?
5. शाळा चालू राहते काय?
6. फी किती, आणि ती कमी होण्याची काही सोय आहे काय? पावती देतात काय?
7. तिथल्या दोन मुलींशी, बाई जवळ नसताना, बोलू देतात काय?

सातवी गोष्ट विसरू नये. मुली जे सांगतात ते छापील माहितीपत्रात नसते.

आता ती आई कोण, ते सांगतो. पंचवीस वर्षांमागे माजघराच्या दारात गाणारी मुलगी, तीच ती. परतताना गाडीत आम्ही तिला म्हणालो, "बाय, तुझ्या वेळी आम्ही चुकलो." ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मास्तरानू, गळो देवान दिलो. येळ कोणी दिल्यान नाय. चेडवाक तरी मिळांदे."

मुलगी आता तिसऱ्या परीक्षेला बसणार आहे. गेल्या गणपतीत ती चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. भजनात या वेळी ती दारात उभी नव्हती, बुवांच्या शेजारी बसली होती. तिने आईलाही हात धरून पुढे बसवले. दोघी मिळून गायल्या.

तुमच्या वाडीत अशी एखादी मुलगी असेल. तिच्या बापाने विचारले तर आमच्यासारखे घाईने उत्तर देऊ नका. त्याला हा धडा वाचून दाखवा, आणि म्हणावे, आधी जाऊन पाहून ये, मग ठरव.