रूळ बदलला, गाडी तीच!

बालमित्रांनो, तुमच्या बाबांनी किंवा मामांनी शाळेत असताना कॉम्प्युटरवर कोणते गेम खेळले होते, ठाऊक आहे? विचारून तर बघा! कुणी म्हणेल 'डेव्ह', कुणी 'डिगर', कुणी 'पॅराट्रूपर', आणि 'प्रिन्स'चे नाव निघाले की मोठी माणसेसुद्धा एकदम लहान होतात. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे! खाली खड्डे, खड्ड्यांत सुळे, आणि हातात तलवार घेतलेले पहारेकरी!

आता हाच गेम एखाद्या जुन्या सीडीवरून नव्या लॅपटॉपवर घेतला, डबल क्लिक केले, तर काय होते? पडद्यावर पाटी येते, 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.' झाले! घरातले सगळे म्हणतात, "गेम बिघडला वाटतं." आणि सीडी रद्दीच्या पोत्यात जाते.

थांबा, थांबा! फेकू नका. फाइल नीट उतरली असेल, तर गेम बिघडलेला नाही. मग तो चालत काहून नाही? याचे उत्तर मिळवायला आपण जरा गोंदियाच्या रेल्वे स्टेशनवर जाऊ या.

दोन मापांचे जंक्शन

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटरचे, साडेपाच फुटांचे अंतर. पण गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे जाणारी गाडी मात्र नॅरोगेज होती. तिच्या रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट! बालाघाटकडून आलेल्या माणसाला मुंबईला जायचे असेल, तर गोंदियाला उतरा, ट्रंक-वळकटी उचला आणि दुसऱ्या गाडीत चढा. मालसुद्धा एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. (नागझिऱ्याची वाघीण नव्हे हं! मालगाडीच्या डब्यालाही वाघीणच म्हणतात.)

पुढे टप्प्याटप्प्याने रूळ बदलले. बालाघाट ते जबलपूर धावणारी नॅरोगेज गाडी २०१५ साली थांबली, आणि आता गोंदिया ते जबलपूर सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. गाड्या वेगाने जातात, मध्ये उतरावे लागत नाही. चांगलेच झाले की!

पण मला सांगा, त्या छोट्या इंजिनांत काही बिघाड झाला होता का? मुळीच नाही. इंजिन तेच होते. त्याच्या खालचा रूळ तेवढा बदलला.

कॉम्प्युटरमध्ये हा रूळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. गेम हा तिच्यावरून धावणारा डबा. १९८१ साली डॉस आली. १९९५ साली विंडोज ९५ आली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा विंडोज ९८ चा जमाना होता. मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी, आणि २०२१ मध्ये विंडोज ११. दर वेळी रूळ थोडा थोडा बदलत गेला.

अडते कुठे?

पहिली अडचण मापाची. डॉसवरचे बहुतेक गेम १६ बिटांचे. १६ बिटांत मावणारा मोठ्यात मोठा आकडा ६५,५३५. आजची विंडोज ६४ बिटांची आहे, आणि तिच्यात १६ बिटांचे प्रोग्राम चालवायची सोयच ठेवलेली नाही. हीच आपली अडीच फूट आणि साडेपाच फुटांची गोष्ट! कधी कधी तर गंमत होते. विंडोज ९५ च्या काळातला गेम ३२ बिटांचा, म्हणजे आजही चालण्याजोगा असतो. पण तो कॉम्प्युटरवर बसवून देणारा 'सेटअप' प्रोग्राम असतो १६ बिटांचा. गाडी जाऊ शकते, पण फाटकच उघडत नाही!

दुसरी अडचण गतीची. लपंडावात राज्य असलेला गडी शंभरपर्यंत आकडे मोजतो, तोवर बाकीचे लपतात. त्याने भरभर मोजले तर? कुणाचीच लपायची सोय नाही! जुने काही गेम अगदी असेच वेळ मोजायचे. 'हजारापर्यंत मोज, मग पुढचे चित्र दाखव.' १९८१ चा आयबीएम पीसी सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके घ्यायचा. आजच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला तीनशे कोटींच्या घरात आहेत! त्यामुळे असा गेम चालू झालाच, तर तुमचे बोट बटणावर जाण्याआधी खेळ खलास. जुन्या कॉम्प्युटरांच्या डब्यावर 'टर्बो' नावाचे बटण असायचे ना, ते बरेचदा यासाठीच होते. नाव टर्बो, पण उपयोग मात्र कॉम्प्युटर हळू करायला!

तिसरी अडचण शिस्तीची. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चाले. तोच घराचा मालक. पडद्यावर चित्र काढायचे, आवाज करायचा, तर तो सरळ त्या यंत्राशी जाऊन बोले. आज एकाच वेळी डझनभर प्रोग्राम चालू असतात. प्रत्येकाने पडदा ओढायचे ठरवले तर नुसता गोंधळ! म्हणून आता नियम असा की, जे काय हवे ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागायचे. जुन्या गेमला हा नियम माहीतच नाही. तो बिनधास्त आत घुसू बघतो आणि दारातच अडवला जातो.

भिंतीतून जाणारा चेंडू

नवा रूळ टाकणारे जुन्या गाड्यांचा विचार करतच नाहीत, असे मात्र समजू नका. 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा गेम तुम्ही ऐकला असेल. त्यात एक चूक होती. मेमरीतली जागा परत करून झाल्यावरही तो तिथे डोकावून बघायचा. जुन्या विंडोजमध्ये ते खपून गेले. विंडोज ९५ मध्ये खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केले? सिमसिटी चालू आहे का, हे ओळखून फक्त त्याच्यासाठी वेगळी सवलत विंडोजमध्येच घातली! जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

पण प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. विंडोज एक्सपीमध्ये 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉलचा गेम फुकट मिळायचा. तुमच्या ताई-दादांनी तो नक्की खेळला असेल. २००७ साली व्हिस्टा आली आणि तो गायबच झाला! काय झाले होते? ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो गेम नव्याने तयार केला, तर चेंडू कशालाही न आपटता भुतासारखा आरपार जायला लागला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी सांगितले आहे की, चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न त्यांनी केला, पण ती सापडली नाही. शेवटी गेमच काढून टाकावा लागला. गेम कसा लिहिला होता हे समजावणारे कुणी जवळ नसले, की असे होते.

ब्रॉडगेजच्या यार्डात अडीच फुटी रूळ

मग उपाय काय? नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तिथली इंजिने कुणी ओढून-ताणून ब्रॉडगेजवर चढवली नाहीत. त्यांच्याच मापाच्या रुळावर ती उभी आहेत. गेमच्या बाबतीतही हेच करायचे! गेमला हात लावायचा नाही, त्याला त्याचा जुना रूळ द्यायचा.

हे काम करणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात एम्युलेटर. आपल्या दंडारीत नऊवारी नेसलेला पोरगा असा ठसक्यात चालतो की, बघणाऱ्याला ती बाईच वाटते. एम्युलेटरही असेच सोंग घेतो. तुमच्या नव्या लॅपटॉपमध्ये तो एक आख्खा जुना कॉम्प्युटर उभा करतो. जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड, जुनी डॉस, सगळे खोटे-खोटे. गेमला वाटते, आपण अजून १९९० सालीच आहोत! यातला 'डॉसबॉक्स' २००२ साली लोकांसमोर आला. तो अगदी फुकट मिळतो.

करून पाहा

(पहिल्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.)

१. डॉसबॉक्स त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा आणि बसवा.

२. सी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करा. नाव छोटे ठेवा, आठ अक्षरांच्या आत. गेमच्या सगळ्या फाइली त्यात ठेवा.

३. डॉसबॉक्स उघडा. काळी खिडकी येईल, घाबरू नका! डॉस अशीच दिसायची. माउस नाही, चित्रे नाहीत, नुसते टाइप करायचे.

४. आता रूळ जोडू. इंग्रजीत एम-ओ-यू-एन-टी टाइप करा, मग मोकळी जागा, सी, पुन्हा मोकळी जागा, आणि तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. एंटर दाबा. मग सी आणि त्यापुढे दोन टिंबे, म्हणजे कोलन, टाइप करून पुन्हा एंटर.

५. गेमच्या ज्या फाइलच्या शेवटी ई-एक्स-ई किंवा सी-ओ-एम असेल, तिचे नाव टाइप करून एंटर दाबा. निघाली गाडी!

६. फार हळू चालतोय? कंट्रोल आणि एफ १२ एकदम दाबा. फार पळतोय? कंट्रोल आणि एफ ११. पूर्ण पडदा हवा, तर ऑल्ट आणि एंटर.

गेम डॉसचा नसून विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळातला असेल, तर आधी सोपी युक्ती करा. त्याच्या फाइलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे जुनी विंडोज निवडा. बरेचदा एवढ्यानेच काम होते.

एक मात्र लक्षात ठेवा. जुना म्हणजे फुकट, असे नसते. अनोळखी साइटवरून गेम उतरवले, तर सोबत व्हायरसही येतो. 'इंटरनेट अर्काइव्ह' या ग्रंथालयाने २०१५ च्या सुरुवातीला डॉसचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्येच खेळण्याजोगे केले. काहीही न उतरवता खेळून बघायला ती जागा चांगली.

राजपुत्र हरवला होता!

आता घाई का करायची, तेही सांगतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर यांनी एकट्याने लिहिला आणि तो १९८९ साली बाजारात आला. राजपुत्राचे धावणे इतके खरे कसे वाटते? कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले! पण या गेमची मूळ लिखावट, म्हणजे सोर्स कोड, पुढे कितीतरी वर्षे सापडतच नव्हती. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरात एक खोके मिळाले. त्यात त्या फ्लॉप्या होत्या. जाणकारांना बोलावून, जुनी यंत्रे जोडून त्या वाचल्या, तेव्हा कुठे राजपुत्र सुटला. फ्लॉपीवरची माहिती चुंबकाच्या थरात असते, आणि तो थर वर्षांमागून वर्षे कमजोर होत जातो. ते खोके आणखी काही वर्षे तसेच राहिले असते तर?

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

हा प्रश्न फक्त गेमचा नाही. तुम्ही पूर्वी 'शिवाजी' किंवा 'श्रीलिपी'सारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी आठवते? आजोबांच्या आठवणी, शाळेचे हस्तलिखित, गावच्या नाटकाची संहिता? ती फाइल आज उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. इथेही फाइल बिघडलेली नसते, खालचा रूळ गेलेला असतो. म्हणून जुना फॉन्ट सापडला तर तो फाइलीसोबतच ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. यासाठी कन्व्हर्टर मिळतात. फ्लॉपी वाचणारा यूएसबी ड्राइव्हही बाजारात मिळतो. नकला दोन करा, आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवा.

तर मग दोस्तांनो, या रविवारी एक काम करा. घरातल्या जुन्या फ्लॉप्या, सीड्या गोळा करा आणि वहीत तीन रकाने आखा. काय आहे? कोणत्या साली, कोणत्या विंडोजवर चालायचे? आणि आज ते चालवायला काय काय लागेल? तिसरा रकाना भरताना आई-बाबांना, मामांना खूप प्रश्न विचारावे लागतील. विचारा बिनधास्त! हे सगळे ज्यांच्या डोक्यात आहे, ती माणसे आज तुमच्या घरातच आहेत.