घाम गाळता, पण पाणी पिता का?

सकाळी फिरायला, योगवर्गाला किंवा जिममध्ये जाणाऱ्या भगिनी आता गावोगाव दिसतात. चांगलीच गोष्ट! पण यातल्या कितीतरी जणी घरून निघताना घोटभर पाणीही घेत नाहीत. का म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: “नको गं बाई, वाटेत कुठं जायची सोय नसते!”

अडचण खरी आहे. पण तहान मारणं हा त्यावरचा उपाय नव्हे. घाम येतो तो अंग थंड ठेवण्यासाठी. घामावाटे गेलेलं पाणी भरून निघालं नाही, की हृदयाला जास्त काम पडतं, डोकं दुखतं, गरगरतं. शिवाय कमी पाणी पिण्याची सवयच जडली, तर मूतखडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना आमंत्रण!

मग करायचं काय? उठल्याबरोबर एक-दोन पेले पाणी प्यावं. तासाभरात घरातली चार कामं उरकावीत, लघवीला जाऊन यावं आणि मग निघावं. सोबत छोटी बाटली असू द्यावी.

किती प्यावं, याचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर मिळतो. व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो कमी भरलं, तर साधारण अर्धा लिटर पाणी गेलं असं समजा आणि ते हळूहळू भरून काढा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली, तर पाणी कमी पडतंय.

मात्र अति तिथे माती! अमेरिकेत 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम घटलेलं आढळलं. वाटेत भरमसाट पाणी पिऊन ज्यांचं वजन उलट वाढलं होतं, त्यांना हा धोका अधिक होता. तेव्हा तहानेचं ऐका. बळेबळे तांब्यावर तांब्या रिचवू नका.

तासाभराच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. उन्हात जास्त वेळ घाम गळणार असेल, तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत किंवा मीठ घातलेलं ताक उत्तम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उन्हात कुणी असंबद्ध बरळू लागली, अंग तापलं, तर तिला ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी मुळीच घालू नका.

आल्यागेल्याच्या हाती आधी पाण्याचा पेला देण्याची आपली रीत. त्यातला एक पेला, बायांनो, स्वतःसाठीही भरा!