‘पेशी वाढल्या’ म्हणजे गोळ्या बंद नव्हे

‘‘पेशी सातशेवर गेल्यात की! आता गोळ्या कशाला खायच्या?’’ एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांच्या तोंडून कोल्हापुरात हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं सीपीआर रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) सेंटरला यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तोंड चुकवत रांगेत उभं राहायचं. अशा माणसाच्या हाती पेशी वाढल्याचा रिपोर्ट पडला, की सुटलो एकदाचे, असं त्याला वाटणारच. त्याच्यावर राग नाही. राग आहे तो ‘‘बंद केलंस तरी चालतंय’’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर.

आधी पेशींचा, म्हणजे सीडी-४ पेशींचा, हा आकडा येतो कुठून ते पाहू. सीडी-४ हे रोगप्रतिकार करणाऱ्या काही टी पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. सीडी-४ असलेल्या मदतनीस पेशी आणि सीडी-८ असलेल्या मारक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायला चमकणारी प्रतिपिंडं लागतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं थेंबभर, साधारण ५० मायक्रोलिटर रक्त घेतात, त्यात ही प्रतिपिंडं मिसळतात आणि ट्यूब पंधरा-वीस मिनिटं अंधारात ठेवतात. मग लाल पेशी फोडणारं द्रावण घालून ती फ्लो सायटोमीटरला लावतात. पेशी एकामागोमाग एक लेसरच्या झोतासमोरून जातात. एका प्रतिपिंडाला जोडलेलं फ्लोरेसिन हिरवं चमकतं, तर तांबड्या समुद्री शेवाळातून मिळणारं फायकोएरिथ्रिन नारिंगी. स्क्रीनवर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. त्यातले सीडी-३ (ही टी पेशींची खूण) आणि सीडी-४ अशा दोन्ही खुणा असलेले ठिपके मोजायचे. नुसतं सीडी-४ धरलं तर मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही मोजणीत येतील, कारण त्यांच्यावरही ते थोडं असतं.

या सगळ्यात विषाणू कुठे मोजला? कुठेच नाही. यंत्रानं फक्त पेशी मोजल्या, त्याही रक्तातल्या. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी (टी पेशी याच गटातल्या) जेमतेम २ टक्के रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात, प्लीहेत. त्यांतल्या काही पेशींच्या जनुकांत एचआयव्ही दडून बसलेला असतो आणि गोळ्या त्याला तिथून हुसकावू शकत नाहीत. त्या त्याची वाढ रोखून धरतात, एवढंच. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीखाली आली म्हणून राधानगरी धरण रिकामं झालं, असं कोल्हापुरात कुणी म्हणत नाही. पेशींच्या आकड्याबाबत मात्र नेमकं तेच म्हटलं जातं.

पेशी वाढल्या त्या गोळ्यांमुळे. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो आणि पेशी घसरू लागतात.

हे कुणाला पटत नसेल तर ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास पाहावा. पेशी ३५० च्या वर असलेल्या ५,४७२ जणांचे दोन गट केले. एकानं औषध अखंड घेतलं. दुसऱ्यानं पेशी चांगल्या असताना बंद ठेवलं आणि त्या २५० च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केलं. म्हणजे ‘पेशी बघून गोळ्या’ हाच सल्ला काटेकोरपणे तपासला गेला. अखंड औषध घेणाऱ्यांत ४७ जणांना संधिसाधू आजार झाला किंवा मृत्यू आला. थांबून-थांबून घेणाऱ्यांत १२० जणांना. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे गंभीर आजारही त्यांच्यातच जास्त निघाले. जानेवारी २००६ मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्याला आता कित्येक वर्षं झाली, सल्ला मात्र अजून चालूच आहे.

या गैरसमजाला एक जुनं कारण आहे. २००४ मध्ये सरकारी केंद्रांत मोफत औषध सुरू झालं तेव्हा बहुतेकांना पेशी २०० च्या खाली गेल्यावरच ते मिळे. पुढे ही मर्यादा ३५० आणि मग ५०० झाली. पेशी जास्त असलेल्याला ‘‘अजून गोळ्यांची गरज नाही’’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ नावाच्या अभ्यासानं पेशी ५०० च्या वर असतानाही लगेच औषध घेणं फायद्याचं ठरतं हे दाखवलं. २०१७ पासून आपल्याकडेही पेशी कितीही असोत, निदान झालं की औषध, हेच धोरण आहे.

आता बाकीचे गैरसमज.

‘पेशी भरपूर, म्हणजे जोडीदाराला धोका नाही.’ धोका ठरतो व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून. गोळ्या नियमित घेऊन तो सतत मिलिलिटरमागे विषाणूच्या २०० प्रतींच्या खाली राहिला, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. पेशींवरून हे कळत नाही.

‘५८० च्या ५०० झाल्या, औषध लागू पडेना.’ हा आकडा सकाळ-संध्याकाळही बदलतो आणि साध्या तापानंही हलतो. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण ३० टक्क्यांचा फरक पडला तरच तो खरा बदल धरतात.

‘पेशी कमी म्हणजे एचआयव्हीच.’ क्षयरोगात, स्टिरॉइड घेताना, इतर गंभीर आजारांतही त्या घटतात. एचआयव्हीचं निदान वेगळ्या चाचण्यांनी होतं.

‘पपईच्या पानांच्या रसानं पेशी वाढतात.’ हा रस डेंग्यूच्या रुग्णांना पाजतात तो प्लेटलेटसाठी. प्लेटलेट वेगळ्या, टी पेशी वेगळ्या. असा रस गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

‘चमकणारा रंग अंगात टोचतात.’ नाही. रंग पडतो तो ट्यूबमधल्या रक्तात.

मग सीडी-४ चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. पेशी २०० च्या खाली असतील तर क्षयरोग, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग अशा आजारांसाठी तातडीनं तपासणी करावी लागते. उपचाराच्या सुरुवातीला हा आकडा जीव वाचवतो. गोळ्या बंद करायची परवानगी मात्र तो कधीच देत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला पेशींबरोबर ‘‘माझा व्हायरल लोड किती?’’ हेही विचारा. आणि कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्या असतील, तर आजच केंद्र गाठा. घरातल्या उरलेल्या गोळ्या मनानं पुन्हा सुरू करू नका. किती दिवस खंड पडला ते डॉक्टरांना खरं सांगा. जायला संकोच वाटत असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.