चाचणीची मांडामांड

रुग्णालयाच्या नोंदी ठेवणारी 'ओपनएमआरएस' नावाची एक संगणकप्रणाली आहे. २००४ साली तिचे काम सुरू झाले. ती जावा भाषेत लिहिलेली आहे, आणि छत्तीसगडात गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेत जी 'बहमनी' प्रणाली आली, ती हिच्याच पायावर उभी आहे. नाव वाचून आपल्या निलंगेकरांना शेजारचे बीदर आठवेल. पण सुलतानांशी तिचा काही संबंध नाही.

ही प्रणाली सुट्या घटकांची, म्हणजे मॉड्यूलांची, बनलेली आहे. भेटीच्या वेळा देणारा घटक एक, अहवाल काढणारा दुसरा. आता समजा, तुम्ही नवा घटक लिहिलात. एकेका फंक्शनची चाचणी सोपी असते. पण तपासणीचा निकाल त्याच रोग्याच्या नावावर चढतो ना, हे पाहावयाचे तर डेटाबेस चालू हवा, त्यात टेबले हवीत, चार रोगी हवेत. एवढी मांडामांड रोज कोण करणार? माणूस दोन दिवस करतो, तिसऱ्या दिवशी 'चालतंय की' म्हणून सोडून देतो. मग चूक सापडते ती दवाखान्यात, खिडकीपाशी रांग लागलेली असताना.

ओपनएमआरएसवाल्यांनी ही मांडामांड एका क्लासात कायमची करून ठेवली आहे. त्याचे नाव 'बेसमॉड्यूलकॉन्टेक्स्टसेन्सिटिव्हटेस्ट'; एका दमात म्हणून पाहा! आपली चाचणी या क्लासावरून 'एक्स्टेंड' केली, की एच-टू नावाचा डेटाबेस संगणकाच्या स्मृतीतच उभा राहतो. एक ठरलेली एक्सएमएल फाइल त्यात नमुन्याचे रोगी भरते. चाचणी संपली की केलेले बदल मागे घेतले जातात, आणि पुढच्या चाचणीला पहिल्यासारखेच रोगी मिळतात.

दुसरे घटक लागत असतील तर? हा क्लास हाताशी असलेल्या प्रत्येक जार फाइलीत 'मॉड्यूलॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट' ही फाइल शोधतो. जिथे सापडेल तो घटक चालू करतो. सोय खरी, पण निम्मी कटकटही, माझ्या मते, इथेच आहे. 'पॉम' फाइलीत दहा घटक उगाच लिहून ठेवलेत तर दहाही उठून बसतात. त्यांतला एक अडला की तुमची चाचणी अडते, आणि दोष तुमचा नसताना दिवस जातो. तेव्हा खरोखर लागतात तेवढेच घटक लिहावेत.

आणखी एक. एच-टू म्हणजे मायएसक्यूएल नव्हे. एकात बिनबोभाट चालणारी क्वेरी दुसऱ्यात अडू शकते. जेथे एसक्यूएल हाताने लिहिले असेल, तेवढ्यापुरते 'टेस्टकंटेनर्स' वापरावे. ते डॉकरमध्ये खरे मायएसक्यूएल उभे करते आणि काम झाले की मोडून टाकते. वेळ थोडा अधिक लागतो, आणि पहिल्या वेळी मायएसक्यूएलची प्रतिमा इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागते. ती आदल्या रात्रीच लावून ठेवावी.