शिकारी पक्ष्यांची परतवाट : डोंगरमाथ्यावरून मोजणी कशी होते?

हिंगोली : मार्च महिन्यात जिल्ह्यात हळद शिजवण्याची लगबग सुरू असते. नेमक्या त्याच दिवसांत दख्खनच्या या पट्ट्यात हिवाळा काढणारे शिकारी पक्षी उत्तरेकडे परतू लागतात. थंडीत येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रेही छापून येतात. जाणाऱ्यांची दखल मात्र फारशी कोणी घेत नाही. पक्षी-अभ्यासकांच्या दृष्टीने परतीचा हा प्रवासच अधिक मोलाचा आहे.

याचे कारण साधे आहे. शरद ऋतूत खाली उतरणाऱ्या थव्यांत त्याच वर्षी जन्मलेली पिल्लेही असतात. त्यामुळे आकडा फुगतो. यांतील अनेक पिल्ले पहिल्या वर्षातच उपासमार, अपघात किंवा विषबाधेने दगावतात. वसंतात माघारी जातात ते यातून तगलेले पक्षी. पुढच्या विणीची भिस्त त्यांच्यावरच असते.

मोजणीसाठी डोंगरमाथा निवडण्यामागे हवेचे गणित आहे. गरुड, गिधाडे यांसारखे रुंद पंखांचे, जड अंगाचे पक्षी पंख मारत शेकडो किलोमीटर जाऊ शकत नाहीत. तेवढी ताकद त्यांना परवडत नाही. ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते. या उष्ण झोतात घिरट्या घेत पक्षी उंची गाठतो आणि मग पंख पसरून पुढच्या झोतापर्यंत घसरत जातो. वारा डोंगराला अडून वर चढतो, तेव्हा माथ्याच्या कडेने असा उचलून धरणारा प्रवाह सलग मिळतो. पक्षी त्या कडेला धरून चालतात आणि माथ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येतात. सकाळी नऊ-दहापासून ही हालचाल सुरू होते. भर दुपारी पक्षी इतके उंच जातात, की दुर्बिणीतही ठिपकाच दिसतो.

भारतात अशी मोजणी गाजली ती धरमशाळा येथे. यान विलेम डेन बेस्टेन या पक्षीनिरीक्षकाने २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात धौलाधार पर्वतरांगेच्या कडेने जाणारे पक्षी मोजले. स्टेपी गरुडांची संख्या हजारोंत भरली. त्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळील थुलाखर्क येथे २०१२ पासून शरदातील मोजणी केली जाते.

एका हंगामाचा आकडा फारसे काही सांगत नाही. वारा फिरला, ढग आले, तर थवा दुसऱ्या दरीतून निघून जातो. खरा उपयोग वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच पद्धतीने केलेल्या नोंदींचा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन हा डोंगर पूर्वी बंदुका घेऊन बसणाऱ्यांचा अड्डा होता. १९३४ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि शिकारीऐवजी मोजणी सुरू झाली. पुढे या नोंदींत टकल्या गरुडांच्या तरुण पक्ष्यांची संख्या घसरलेली दिसली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात कीटकनाशकांविरुद्ध जो पुरावा मांडला, त्यात या नोंदींचा समावेश होता.

आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत हेच घडले. गिधाडे नाहीशी होत असल्याची जाणीव गावोगावी होती. पण भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांच्या १९८० च्या दशकातील नोंदी हाताशी होत्या, म्हणून १९९० च्या दशकाअखेरीस ही घट ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे सिद्ध करता आले. कारण २००४ मध्ये उलगडले : जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. तोवर देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. स्टेपी गरुडही मेलेल्या जनावरांवर येतो आणि हेच औषध त्यालाही घातक असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. जागतिक यादीत तो आज संकटग्रस्त आहे.

मग हिंगोलीच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन बसल्यास असेच थवे दिसतील काय? तशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागांत पसरले असले, तरी ते ठेंगणे आणि तुटक आहेत. पक्ष्यांना एका वाटेत कोंबणारा उंच पर्वत किंवा समुद्राचा अडसर येथे नाही. दख्खनवरून पक्षी रुंद आघाडीने, विखरून जातात. दिवसभरात चार-दोन गरुड, काही खरुची, घारी, एवढ्यावर समाधान मानावे लागेल.

त्यातही माळरानांवर हिवाळा काढणारे भोवत्या पक्षी (माँटेग्यूचा भोवत्या, पांढुरका भोवत्या) डोंगराच्या आधाराला बांधलेले नसतात. सडपातळ, लांब पंखांचे हे पक्षी पंख मारतही लांबचा पल्ला गाठतात. कझाकस्तान व आसपासच्या गवताळ प्रदेशात त्यांची वीण होते. येथे असताना नाकतोडे हे त्यांचे मुख्य खाद्य, तेव्हा शेतकऱ्यांचे ते बिनपगारी राखणदारच. त्यांची मोजणी करायची तर सूर्यास्ताच्या सुमारास. दिवसभर पांगलेले पक्षी रात्री गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. गुजरातमधील वेळावदर येथील असा मुक्काम जगप्रसिद्ध आहे. पण त्यासाठी गवत हवे. सरकारी दफ्तरात माळरान 'पडीक' ठरते. त्यावर खड्डे खणून झाडे लावली, की कागदोपत्री हिरवाई वाढते आणि भोवत्यांचा मुक्काम उठतो.

एप्रिलअखेर ते मेच्या पूर्वार्धात आणखी एक प्रवासी दख्खनवरून जातो : अमूर ससाणा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन ससाण्यांना उपग्रह यंत्रे बसवण्यात आली. हे पक्षी अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेत जातात आणि वसंतात सोमालियाकडून पुन्हा समुद्रावरूनच भारतात शिरतात, हे अशा यंत्रांमुळे समजले. मात्र यंत्र मोजक्या पक्ष्यांची वाट दाखवते. एकूण पक्षी किती, हे डोळ्यांनीच मोजावे लागते.

मोजणीला सामग्री थोडी लागते. दुर्बीण, घड्याळ, वही आणि किमान दोन माणसे : एक आकाशाकडे पाहणारा, दुसरा लिहिणारा. दर तासाचा रकाना वेगळा. त्यात वाऱ्याची दिशा, ढग, पक्ष्याची जात, उडण्याची दिशा आणि ओळखता आल्यास वय. तरुण स्टेपी गरुडाच्या पंखाखाली पांढरा पट्टा असतो, तो प्रौढात दिसत नाही. जात ओळखता आली नाही, तर 'अनोळखी गरुड' असेच लिहायचे. अंदाजाने नाव ठोकायचे नाही. तासाभरात एकही पक्षी दिसला नाही, तर रकाना कोरा न ठेवता त्यात शून्य लिहायचे. कोऱ्या रकान्यावरून त्या वेळी माथ्यावर कोणी बसले होते की नव्हते, हे पुढे कळत नाही.