रोजा नंतर भरून काढता येतो, गोळी नाही

रमजानच्या पहाटे परभणीच्या मोहल्ल्यांत सहरसाठी चुली पेटतात, तेव्हा क्षयरोगाच्या रुग्णापुढे एक पेच असतो : रोजा ठेवावा की गोळी घ्यावी? इस्लामने आजारी माणसाला रोजातून सवलत दिली आहे. सूरह बकरामध्ये ती स्पष्ट शब्दांत आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर ठेवता येतात. गोळीला मात्र अशी सवलत नाही.

साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, तीही रोज. महिना-दीड महिन्यात ताप उतरतो, खोकला थांबतो आणि अनेकजण गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

म्हणून '९९ डॉट्स' ही युक्ती निघाली. पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला टोल-फ्री नंबर दिसतो. रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देतो आणि नोंद होते. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे व सहकाऱ्यांनी २०१९ साली मुंबईतील जवळपास १७ हजार रुग्णांच्या सुमारे २१ लाख नोंदी संगणकाला शिकवल्या. पहिल्या आठवड्याचे कॉल पाहून पुढच्या आठवड्यात कोण अडखळेल, हे संगणकाने सांगायचे होते. प्रचलित पद्धतीपेक्षा २१ टक्के जास्त रुग्ण त्याने हेरले, तेही ७६ टक्के जास्त डोस चुकण्याआधीच.

पण कॉल आला नाही म्हणजे गोळी घेतलीच नाही, असे नव्हे. घरातला एकुलता मोबाइल मुलाच्या खिशात असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला फडात रेंज मिळत नाही. रमजानमध्ये तर जेवणाखाणाची वेळच बदलते. रोज सकाळी येणारा कॉल इफ्तारनंतर येऊ लागतो. उलट, आरोग्यसेवक घरी जाऊन समजावून आला, हे नोंदीत दिसत नाही. रुग्ण स्वतःहूनच नियमित आहे, असा यंत्राचा समज होतो.

म्हणजे यंत्राची यादी हा ठपका नव्हे, दार ठोठावण्याचे निमित्त आहे. त्या दारापाशी 'गोळी का चुकवली?' यापेक्षा 'तब्येत कशी आहे?' हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. आजाऱ्याची विचारपूस, म्हणजे इयादत, हे इस्लाममध्ये मोठे पुण्याचे काम मानले जाते. शेजारधर्म तर सर्वांचाच. २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कोणालाही रुग्णाच्या पोषण आहाराचा भार उचलता येतो. रमजानात वाटल्या जाणाऱ्या शिध्यातला एक वाटा तिकडे वळवता येईल. अट एकच : रुग्णाचे नाव ही अमानत आहे. ते गल्लीत फुटले, तर मुलीचे लग्न अडते आणि उपचारही लपूनछपून होऊ लागतात.

रोजा ठेवावा का, गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते सहा महिने रोज घेतले जाईल, याची काळजी मात्र घराने आणि मोहल्ल्यानेच वाहायची आहे.